आकाशांतला पंतोजी

रणांगणांत नांव होतें तें योद्ध्याचें. त्याला तलवार धरावयास शिकविणाऱ्या वस्तादाची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. विमानांच्या इतिहासांतहि हाच न्याय दिसतो. दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर व हरिकेन हीं लढाऊ विमानें जगप्रसिद्ध झालीं; परंतु हजारों तरुणांनीं प्रथम ज्या विमानांत बसून जमीन सोडली, तें दुपंखी टायगर मॉथ थोड्यांच्याच स्मरणांत आहे. हें विमान आतां घरच्या संगणकावर, उड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या सिम्युलेटरमध्यें, पुन्हा अवतरलें आहे. ह्या पुनर्जन्मांत त्याचें काय उरलें आणि काय हरपलें, हें समजण्यासाठीं त्याचा पहिला जन्म आधीं पाहिला पाहिजे.

इंग्लंडांतील द हॅव्हिलँड कंपनीनें १९२५ सालीं मॉथ नांवाचें एक हलकें दुपंखी विमान तयार केलें. हौशी लोकांत तें फार लोकप्रिय झालें. परंतु लष्करी शिक्षणाच्या दृष्टीनें त्यांत एक दोष होता. पुढच्या आसनाच्या बरोबर वर पेट्रोलची टाकी असे, आणि सभोंवतीं वरचा पंख तोलून धरणारे खांब असत. पॅराशूट बांधलेल्या माणसाला संकटकाळीं तेथून बाहेर पडणें कठीण होई. म्हणून वरचा पंख थोडा पुढें सरकविण्यांत आला आणि तोल बिघडूं नये यासाठीं पंखांचीं टोकें मागें झुकविण्यांत आलीं. टायगर मॉथची ती डौलदार आकृति सौंदर्यासाठीं नव्हे, तर पुढें बसणाऱ्या शिक्षकाचा जीव वाचावा म्हणून घडली. २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं लंडनजवळच्या स्टॅग लेन येथें ह्या विमानानें पहिलें उड्डाण केलें, आणि पुढच्याच वर्षीं तें ब्रिटिश हवाई दलांत दाखल झालें. त्याचें नेहमींचें एंजिन १३० अश्वशक्तीचें असून त्याचा अधिकांत अधिक वेग ताशीं सुमारें १०९ मैल होता.

हें विमान ज्या शिक्षणपद्धतीचें साधन झालें, ती त्याच्याहून जुनी होती. १९१७ सालीं गॉस्पोर्ट येथें रॉबर्ट स्मिथ-बॅरी ह्या अधिकाऱ्यानें विमानशिक्षणाची रीतच पालटली. तोंवर विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवणें म्हणजेच शिक्षण, अशी समजूत होती. स्मिथ-बॅरीनें मुद्दाम विमान गिरकींत घालावयाचें, तें कां कोसळतें हें दाखवावयाचें, आणि त्यांतून तें कसें सांवरावें हें विद्यार्थ्याच्याच हातून करवून घ्यावयाचें, असा क्रम घातला. शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्याच्या कानांत पोंचावा म्हणून एक साधी बोलण्याची नळीहि त्यानें वापरांत आणली. भय टाळून नव्हे, तर त्याचें कारण कळल्यानें जातें, हें त्याचें सूत्र होतें.

टायगर मॉथ जणूं ह्या सूत्रासाठींच जन्मलें होतें. तें चालविणें सोपें, पण नीट चालविणें अवघड. वळतांना नुसता दांडा डावीकडे कलवला आणि पायांनीं सुकाणू दाबलें नाहीं, तर नाक प्रथम उजवीकडे जाई व विमान तिरकें घसरूं लागे. त्याला ब्रेक नव्हते. शेपटीखालीं चाकाऐवजीं जमिनीवर घसरणारा एक दांडा असे. एंजिन सुरूं करावयाचें तें पुढचा पंखा हातानें फिरवून. मात्र विद्यार्थ्याची प्रत्येक चूक तें ताबडतोब दाखवून देई, आणि पुरेशी उंची असल्यास ती सुधारावयास बहुधा अवकाशहि देई. चूक झांकणारा गुरु निरुपयोगी आणि चुकीबद्दल एकदम प्राण घेणारा गुरु भयंकर; टायगर मॉथ ह्या दोहोंच्या मधलें होतें.

१७ डिसेंबर १९३९ रोजीं ओटावा येथें ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या विमानशिक्षण योजनेचा करार झाला, आणि असल्या विमानांची मागणी एकदम वाढली. कौली येथील मोटारींच्या कारखान्यांतहि तीं तयार होऊं लागलीं. एकंदर आठ हजारांहून अधिक टायगर मॉथ निर्माण झालीं. हिंदुस्थानांत बेगमपेठ व जोधपूर येथील प्राथमिक शिक्षणकेंद्रांत त्यांचाच उपयोग होई. पुढें १९५१ सालीं बंगलोरच्या कारखान्यांत बनलेल्या एच. टी. २ ह्या स्वदेशी विमानानें प्रथम आकाश पाहिलें, आणि कालांतरानें टायगर मॉथची जागा त्यानें घेतली. ह्या शिक्षणाचें मोलहि थोडें नव्हतें. शत्रूचें दर्शन होण्यापूर्वींच अनेक तरुण शिकतां शिकतां मृत्युमुखीं पडले.

तेंच मोल कमी करण्याच्या गरजेनें सिम्युलेटरला मान्यता मिळवून दिली. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक ह्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. १९२९ सालीं लिंकनें ऑर्गनचेच भाते वापरून, जमिनीवर राहून डोलणारें व वळणारें एक लहानसें विमान तयार केलें. प्रथम लोकांनीं तें जत्रेंतलें खेळणें मानलें. परंतु १९३४ सालीं अमेरिकन लष्करावर टपाल नेण्याचें काम आलें आणि वादळी हवेंत वैमानिक बळी पडूं लागले, तेव्हां लष्करानें असलीं सहा यंत्रें विकत घेतलीं. महायुद्धाच्या काळांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली.

१९८२ सालीं मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर निघाला, आणि लिंकची कल्पना घरांत शिरली. त्याच्या २०२२ सालच्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तींत कर्टिस जेनी हें पहिल्या महायुद्धांतील दुपंखी शिकाऊ विमान आहे. टायगर मॉथहि स्वतंत्र कारागिरांनीं अशा सिम्युलेटरांसाठीं एकाहून अधिक वेळां घडविलें आहे. बाह्य रूप साधणें त्यामानानें सोपें. जुने आराखडे व छायाचित्रें त्याला पुरतात. कठीण असतो तो स्वभाव. दांडा किती कलवला म्हणजे नाक कोणत्या बाजूस किती वळेल, वेग किती उतरला म्हणजे पंखांचा आधार सुटेल, ह्याचें गणित बसवावें लागतें. येथें एक मोह असतो. विमान जरा सरळ, जरा सोशिक केलें, तर खेळणारा खूष होतो. पण दोष गाळलेलें टायगर मॉथ हें टायगर मॉथच नव्हे. तें केवळ त्याचें चित्र होय. ह्या विमानाचे दोष हाच त्याचा अभ्यासक्रम होता.

तरीहि एक गोष्ट कोणत्याहि गणितांत येत नाहीं. संगणकावर आपटलेलें विमान पुन्हा धांवपट्टीवर येऊन उभें राहतें. १९४० सालच्या मुलाला ती सवलत नव्हती. म्हणून खरीं विमानेंहि जपलीं पाहिजेत. भारतीय हवाई दलानें दुरुस्त करविलेलें एक टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनीं हिंडण येथें उडालें, तें ह्या दृष्टीनें योग्यच झालें. परंतु उडूं शकणारीं अशीं विमानें थोडीं, आणि त्यांत बसण्याचा योग त्याहून थोड्यांचा. इतरांच्या हातापायांना त्या जुन्या गुरूची शिस्त कळावी, हें काम सिम्युलेटर करूं शकतो. अट एवढीच, कीं त्यानें त्या गुरूची छडी काढून घेऊं नये.