मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाटच का निवडली?

मुंबईत काळी-पिवळी म्हणजे फियाट आणि मंत्रालयाच्या आवारातली पांढरी सरकारी गाडी म्हणजे अॅम्बॅसेडर, ही वाटणी कित्येक दशकं इतकी पक्की होती की तिचं कारण फारसं कुणी विचारलंच नाही. विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: लायसन्स राजमध्ये गाड्या मोजक्याच होत्या, फियाटचा कारखाना कुर्ल्यात होता, म्हणून मुंबईने फियाट घेतली. यात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्यात आधी क्रायसलरच्या गाड्या जुळवल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये आलेली ११०० डिलाइट हीच पुढे पद्मिनी झाली. अशा गाडीचे सुटे भाग मुंबईत सहज मिळणारच. पण केवळ जवळीकच निर्णायक असती, तर त्याच शहरातल्या साहेबांना कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याहून आलेली गाडी का लागावी? एका शहराने दोन कामांसाठी दोन गाड्या निवडल्या, आणि ही निवड गाड्यांच्या मापांत स्पष्ट दिसते.

गंमत म्हणजे ताकदीच्या हिशेबात दोघी जवळपास बरोबरीच्या आहेत. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, सुमारे ४० अश्वशक्तीचं, आणि गाडीचं वजन ९०० किलोंच्या आसपास. अॅम्बॅसेडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, सुमारे ५० अश्वशक्तीचं, पण वजन ११०० किलोंच्या वर. टनामागे दोघींच्या वाट्याला साधारण पंचेचाळीसच अश्वशक्ती येते. फरक आहे तो इंजिनाच्या स्वभावात. अॅम्बॅसेडरच्या पिस्टनचा स्ट्रोक जवळपास ८९ मिलिमीटरचा, तर पद्मिनीचा ७५ चा. लांब स्ट्रोकचं इंजिन कमी फेऱ्यांवरही जोर धरतं. म्हणून कुणी म्हणेल, दर सिग्नलला थांबणाऱ्या मुंबईत अॅम्बॅसेडरच सोयीची होती. आक्षेप रास्त आहे, पण त्यात वजनाचा हिशेब सुटतो. थांबलेली गाडी पुन्हा हलवताना दर वेळी तिचं सगळं वजन ओढावं लागतं, आणि त्याचा भुर्दंड पेट्रोलच्या रूपाने पडतो. दिवसाच्या भाड्यातून आधी मालकाचे पैसे आणि पेट्रोल वजा करून उरेल त्यावर घर चालवणाऱ्या ड्रायव्हरला दोनेकशे किलोंचं जादा ओझं परवडणारं नव्हतं.

माझ्या मते याहून मोठं कारण रुंदीचं आहे. पद्मिनी जेमतेम १.४६ मीटर रुंद, अॅम्बॅसेडर त्याहून सुमारे वीस सेंटिमीटरने जास्त. लांबीतही ती चाळीसेक सेंटिमीटर मोठी. काळबादेवीत एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला उभा टेम्पो आणि मधून टॅक्सी काढायची, तेव्हा ही वीतभर जागा म्हणजे पुढचं भाडं वेळेत मिळणं किंवा हुकणं. पद्मिनीत गिअर स्टिअरिंगलाच असल्याने पुढची सीट सलग बाकासारखी राहायची, आणि मीटर डाव्या अंगाला बाहेर बसवलेला, त्यामुळे अरुंद गाडीतही आतली जागा अडायची नाही. मागची सीट अॅम्बॅसेडरची ऐसपैस, हे खरंच. पण चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्याला ऐसपैस बसण्यापेक्षा मीटरचा आकडा महत्त्वाचा. लांबच्या भाड्याला, भरपूर माणसं आणि सामान घेऊन जायला अॅम्बॅसेडर सरस होती, आणि १९८० च्या सुमारास तिला डिझेल इंजिन मिळाल्यावर तर त्या कामात पद्मिनी तिच्या जवळपासही नव्हती. कोलकात्याच्या गल्ल्याही अरुंद, तरी तिथे अॅम्बॅसेडरच चालली, हा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो आणि तो मी नाकारत नाही: तिथे कारखान्याच्या जवळिकीने मापांवर मात केली. पण दिल्लीजवळ दोहोंपैकी एकही कारखाना नव्हता, आणि तिथल्या रुंद रस्त्यांवर टॅक्सीत अॅम्बॅसेडरच जास्त दिसायच्या.

दोन्ही गाड्या कालबाह्य होत्या, त्यांची तुलना कशाला, असंही म्हटलं जातं. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा खासगी ग्राहक झपाट्याने तिकडे वळले. टॅक्सीवाले मात्र पद्मिनीच घेत राहिले, कारण टपावर कॅरिअर लावून ट्रंका वाहणं आणि कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिककडून इंजिन खोलून घेणं त्या छोट्या गाडीला जमणारं नव्हतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, मारुती बाजारात येऊन वीस वर्षं होत आली तेव्हा.