माझगाव ते वेल्लोर: स्पीच थेरपीचा अभ्यासक्रम आपल्याकडे कसा आला

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. मग या विषयाशी माझा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. वाचाउपचार आणि श्रवणशास्त्राच्या पदवीचा अभ्यासक्रम पाहा. तीन वर्षे शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी शरीररचना, भाषाशास्त्र आणि मानसशास्त्राच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक्स आणि ध्वनिशास्त्र हे विषय येतात. म्हणजे आपलाच प्रांत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हा अभ्यासक्रम चालतो. तिथला किंवा कुठलाही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रुग्णाला हात लावण्याआधी लहरी, वारंवारता आणि डेसिबल शिकतो.

कारण समजून घ्या. पुरुषाच्या आवाजात 'आ'चे पहिले दोन अनुनाद साधारण 700 आणि 1100 हर्ट्झच्या आसपास असतात, तर 'ई'चे 300 आणि 2300 च्या आसपास. 'स'ची बरीचशी ऊर्जा मात्र 4000 हर्ट्झच्या वर असते. उच्च वारंवारता ऐकू न येणाऱ्या मुलाला 'आई' ऐकू येते, 'बस'मधला 'स' येत नाही. जो ध्वनी ऐकूच येत नाही तो उच्चारणार कसा? अशा मुलाला 'नीट बोल' म्हणून रागावण्यात अर्थ नसतो.

आता थोडे मागे जाऊ. 1880 मध्ये इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुलांना हातांच्या खुणांनी नव्हे, तर तोंडी बोलून व ओठ वाचूनच शिकवावे, असा ठराव तिथे झाला. 164 प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर एकच होता, असे नोंदवले जाते. जगभरच्या शाळांवर या ठरावाचा परिणाम झाला. पाचच वर्षांनी, 1885 च्या सुमारास, मुंबईत माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा सुरू झाली. भारतातल्या अशा शाळांत ती पहिली मानली जाते. मौखिक पद्धत इथेही आली. त्या काळी जे मूल निव्वळ ओझे समजले जाई, त्याला या शाळेने पाटी-पेन्सिल दिली, हे मोठे काम होते. पण हातांची भाषा वर्गाबाहेर राहिली, हेही खरे आहे. मिशनऱ्यांचे कौतुक किंवा निंदा, यांपैकी एकच बाजू लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते.

वर्गाबाहेर राहिलेली ती भाषा मेली नाही. मुले एकमेकांशी हातांनी बोलतच राहिली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर या शहरांत तिचा अभ्यास केला. वशिष्ठ स्वतः कर्णबधिर. मिलानच्या ठरावाबद्दल पुढल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. तब्बल 130 वर्षांनी!

स्पीच थेरपी हा विद्यापीठीय व्यवसाय म्हणून उभा राहिला तो 1960 च्या दशकात. वेल्लोरचे कान-नाक-घसा तज्ज्ञ वाय. पी. कपूर यांनी देशातील वाचा व श्रवणदोष असलेल्या लोकांच्या गरजांचा अभ्यास केला. मैसूरची राष्ट्रीय संस्था 1965 ची. त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात प्रशिक्षण सुरू झाले. वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची. पुढे 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि अभ्यासक्रमाला देशभर एक साचा मिळाला. पुस्तके आणि चाचण्या मात्र बहुतांशी अमेरिका-इंग्लंडच्या वळणाच्या होत्या.

इथे आपल्या भाषेचा प्रश्न येतो. मराठीत 'च' लिहायला एक आहे, बोलायला दोन. 'चिमणी'तला वेगळा, 'चाक'मधला वेगळा. 'जरा थांब'मधला 'ज' आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा'तला 'ज' वेगळा. हिंदीच्या कानाला मराठी मुलाचे 'चाक' चुकीचे वाटू शकते. मी राहतो त्या भिलाईच्या नेहरू नगरात हे नुसते पुस्तकी उदाहरण नाही. पोलाद कारखान्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे इथे आहेत. घरी मराठी, दारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि वहीत इंग्रजी. शेजारच्या एका मराठी घरातला मुलगा उशिरा बोलू लागला, तेव्हा शाळेतून सल्ला मिळाला: घरी मराठी बंद करा. आजीने महिनाभर नातवाशी मोडक्या हिंदीत बोलून पाहिले. दोघेही गप्पच झाले.

दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही, हे संशोधनाने पुरेसे स्पष्ट झाले आहे. वाचादोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून पहिल्या वर्षी भाषाशास्त्राचा तास असतो: उपचारकाने चूक आणि बोली यांत फरक ओळखावा. आपल्या वर्णमालेतच कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी मांडणी आहे. जीभ कुठे लागते हे मुलाला दाखवायला दुसऱ्या तक्त्याची गरज फारशी पडत नाही. 'च'चा दुसरा उच्चार मात्र या तक्त्यात वेगळा दिलेला नाही, तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत हाताने लिहून घ्यावा लागतो.

त्या मुलाची नंतर श्रवणचाचणी झाली, तेव्हा आजी सोबत गेली होती. परतताना रिक्षात ती पुन्हा मराठीत बोलत होती.