टेडी वेदरफर्ड

टेडी वेदरफर्ड (जन्म : पोकाहॉन्टास, व्हर्जिनिया, अमेरिका, ११ ऑक्टोबर १९०३, मृत्यू : कलकत्ता, २५ एप्रिल १९४५) हे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख होते. शिकागोमध्ये नावारूपाला आल्यानंतर त्यांनी १९२६ मध्ये मायदेश सोडला आणि उर्वरित आयुष्य मुख्यतः आशियात घालवले. मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि कलकत्त्याचे (आजचे कोलकाता) ग्रँड हॉटेल येथील त्यांचे कार्यक्रम हा भारतातील जॅझच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. त्यांच्या सहवासात घडलेल्या गोमंतकीय वादकांमुळे त्यांच्या वादनाचा अप्रत्यक्ष प्रभाव हिंदी चित्रपटसंगीतापर्यंत पोहोचला.

पूर्वायुष्य

वेदरफर्ड वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास न्यू ऑर्लिन्स येथे गेले. जॅझचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या या शहरात ते पियानो शिकले. पुढे ते शिकागोला आले. तेथे जिमी वेड आणि अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. मूकपटांच्या त्या काळात चित्रपटगृहात पडद्यासमोर वाद्यवृंद बसत असे. टेट यांचा वृंद शिकागोच्या व्हेंडोम चित्रपटगृहात वाजवीत असे. विख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे या वृंदातील त्यांचे सहकारी होते. १९२६ मध्ये टेट यांच्या वृंदाने केलेल्या ध्वनिमुद्रणांत आर्मस्ट्राँग आणि वेदरफर्ड दोघांचेही वादन ऐकू येते. पुढे जॅझ पियानोचे अध्वर्यू ठरलेले अर्ल हाइन्स तरुणपणी त्यांच्या वादनाने प्रभावित झाले होते.

आशियातील भ्रमंती

१९२६ मध्ये ड्रमवादक जॅक कार्टर यांच्या वृंदाबरोबर वेदरफर्ड पूर्वेकडे निघाले. शांघाय, मनिला, सिंगापूर अशा बंदरांच्या शहरांतील मोठ्या हॉटेलांत आणि नृत्यगृहांत त्यांनी वादन केले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी वंशभेदाचे कायदे अमलात होते. कृष्णवर्णीय कलावंताला परदेशात मिळणारा मान व मोबदला मायदेशी सहसा मिळत नसे. त्यामुळे अनेक अमेरिकन वादकांनी युरोप आणि आशियाची वाट धरली. वेदरफर्ड हे त्यांपैकी सुरुवातीचे एक होत. १९३३ मध्ये शांघाय येथे कवी लँगस्टन ह्यूज यांची त्यांच्याशी भेट झाली. ह्यूज यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथात त्यांच्याविषयी लिहिले आहे. १९३४ मध्ये वेदरफर्ड अल्पकाळ अमेरिकेत परतले आणि ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांच्या वृंदाला शांघायला घेऊन आले.

मुंबईतील काळ

ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये, म्हणजे वेदरफर्ड यांच्या जन्मवर्षीच, सुरू झाले होते. १९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वृंद तेथे आला. त्यांच्या पाठोपाठ त्याच वृंदातील ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांनी स्वतःचा वृंद उभा केला. वेदरफर्ड या वृंदात पियानोवादक म्हणून सामील झाले आणि पुढे त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. स्मिथ यांच्या वृंदाने १९३६ मध्ये ‘ताजमहाल’ हे फॉक्सट्रॉट नृत्याच्या धर्तीचे गीत मुंबईत ध्वनिमुद्रित केले. १९३७ मध्ये वेदरफर्ड यांनी पॅरिसला जाऊन एकल पियानोवादनाच्या ध्वनिमुद्रिकाही केल्या.

हे कार्यक्रम ऐकणारा वर्ग मर्यादित होता. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, पारशी व अन्य धनिक कुटुंबे यांच्यापुरताच हॉटेलातील नृत्यगृहाचा प्रवेश होता. गिरगाव-परळमधील सामान्य मराठी रसिक त्या सुमारास नाट्यसंगीत आणि बोलपटांतील गाणी ऐकत होता. मात्र वृंदांत स्थानिक वादकांना स्थान मिळू लागल्यावर ही भिंत हळूहळू झिरपू लागली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलेखन शिकवले जाई. त्यामुळे गोमंतकीय वादक लिहिलेले संगीत सहज वाचत. परंतु न लिहिलेले, ऐन वेळी सुचलेले वाजवण्याची जॅझची रीत त्यांना नवी होती. ती त्यांनी वेदरफर्ड यांच्यासारख्या वादकांच्या शेजारी बसून आत्मसात केली. त्यांच्या वृंदात काम केलेले ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात वावरले आणि ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) या कोकणी चित्रपटांचे निर्माते झाले.

वादनशैली

वेदरफर्ड हे ‘स्ट्राइड’ शैलीचे वादक होते. स्ट्राइड म्हणजे ढांग. या शैलीत डावा हात खालच्या सप्तकातील एक स्वर आणि मधल्या सप्तकातील स्वरसंघात यांच्यामध्ये सतत ढांगा टाकतो आणि लय सांभाळतो; उजवा हात धून फुलवतो. आपल्याकडील पेटीवादनाशी तुलना केल्यास हा फरक चटकन लक्षात येतो. पेटीवर डावा हात भाता हलवण्यात गुंतलेला असतो, म्हणून स्वरांची सारी भिस्त एकाच हातावर असते. स्ट्राइड वादक मात्र ठेका आणि गाणे ही दोन्ही अंगे एकटाच पेलतो. ठरलेल्या धुनेच्या चौकटीत राहून नवे रचत जाण्याची वृत्ती मात्र बंदिशीच्या विस्तारातील उपजेशी नाते सांगणारी आहे.

कलकत्ता आणि अखेरचे कार्यक्रम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेदरफर्ड यांनी कलकत्त्याच्या चौरंगी भागातील ग्रँड हॉटेलात आपला वृंद बसवला. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतल्यावर ब्रह्मदेशातून आलेल्या निर्वासितांत वादकही होते. त्यांतील र्‍यूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट या वृंदात आले. शिकागोचे सॅक्सोफोनवादक रॉय बटलर, भारतीय, अँग्लो-इंडियन आणि नेपाळी वंशाचे वादक असा हा संमिश्र मेळ होता. व्यापारी जहाजावर काम करणारा जिमी विदरस्पून हा तरुण या वृंदाबरोबर गायला आणि पुढे अमेरिकेत ब्लूज गायक म्हणून प्रसिद्ध झाला.

शहरात अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठीच्या सैनिकी रेडिओवरून या वृंदाचे कार्यक्रम प्रक्षेपित होत. कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी कलकत्त्यात अनेक ध्वनिमुद्रणे केली. याच वर्षांत, १९४३ मध्ये, बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडत होती आणि अन्नासाठी आलेली कुटुंबे शहराच्या रस्त्यांवर प्राण सोडत होती. नृत्यगृहातील संगीत आणि बाहेरची उपासमार यांत काही पावलांचेच अंतर होते.

मृत्यू

२५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यात पटकीच्या विकाराने वेदरफर्ड यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. युद्ध संपण्यास काही महिनेच उरले होते. मीठ-साखर-पाण्याच्या साध्या द्रावणाने पटकीचे रुग्ण मोठ्या प्रमाणावर वाचवता येतात, हे डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच बंगालमधील निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिले ते १९७१ मध्ये.

स्मरण आणि वारसा

उमेदीची वर्षे अमेरिकेबाहेर गेल्यामुळे जॅझच्या अमेरिकन इतिहासात वेदरफर्ड यांना समकालीनांइतके स्थान मिळाले नाही. भारतात त्यांची आठवण प्रामुख्याने सहवादकांच्या कथनांतून आणि जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांमुळे टिकून राहिली. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकामुळे मुंबईच्या जॅझयुगाकडे, आणि त्याबरोबर वेदरफर्ड यांच्याकडे, वाचकांचे पुन्हा लक्ष गेले.

त्यांचा वारसा दोन वाटांनी पुढे गेला. मुंबईत हॉटेलांतील जॅझ वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. पुणतांब्याचे मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’ (१९५१) सारख्या चित्रपटांत गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या साथीने जॅझचा ठसका घरोघरी नेला. दुसरी वाट पियानोची. कलकत्त्यात वेदरफर्ड यांच्या वृंदात ट्रम्पेट वाजवणारे जॉर्ज बँक्स यांनी आपल्या मुलाचे नाव लुई आर्मस्ट्राँग यांच्यावरून ठेवले. तो मुलगा म्हणजे मुंबईला कर्मभूमी मानणारे जॅझ पियानोवादक लुई बँक्स होत.