डर्ट बाइकचा फोम एअर फिल्टर कसा धुवावा आणि त्याला तेल का लावतात?

डर्ट बाइकच्या फोम एअर फिल्टरमध्ये बारीक धूळ अडवण्याचे खरे काम फोमवरचे चिकट तेल करते. फोमची छिद्रे मोठी असतात. तो कोरडा राहिला, तर धूळ इंजिनात शिरून पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजवते. म्हणून फिल्टर नुसता धुऊन बसवणे पुरेसे नाही.

फिल्टर काढल्यावर इंजिनाकडे जाणारे तोंड स्वच्छ कापडाने झाका. फोम आधी फिल्टर क्लीनरने, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. पाणी दाबून काढा. पिळल्यास फोम फाटू शकतो. पेट्रोल वापरू नका. आगीचा धोका असतो, शिवाय जोडावरचा गोंद सुटू शकतो.

सावलीत पूर्ण वाळल्यावर हातमोजे घालून फिल्टर ऑइल सगळीकडे सारखे मुरवा, जास्तीचे दाबून काढा. साधे इंजिन ऑइल फोमवर टिकत नाही, खाली ओघळते. फिल्टरच्या कडेला ग्रीस लावा, म्हणजे फटीतून धूळ जात नाही. बसवताना झाकलेले कापड आठवणीने काढा.

धुळीतल्या प्रत्येक राइडनंतर फिल्टर तपासावा. फोम फाटला किंवा त्याचा जोड सुटला असेल, तर नवाच बसवावा. फिल्टरचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी असतो.