डब्लिनचं कॅथलिक विद्यापीठ आणि न्यूमन

मंडळी, चांगलं कॅथलिक विद्यापीठ कशाला म्हणायचं? या प्रश्नासाठी आज आपण आयर्लंडला जाऊ.

१८४५ मध्ये ब्रिटिश सरकारने तिथे ‘क्वीन्स कॉलेजं’ काढायचा कायदा केला. बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे इथली ही कॉलेजं कोणत्याही पंथाची नव्हती. १८५० च्या थर्ल्स धर्मसभेत बिशपांनी त्यांना विरोध केला. पण नुसत्या विरोधाने भागतं का? मुलांनी शिकायचं कुठे? म्हणून आपलंच विद्यापीठ काढायचं ठरलं. चर्चमधून वर्गणी जमली. बटाट्याच्या दुष्काळातून जेमतेम सावरलेल्या लोकांनी ती दिली, हे आपण विसरू नये.

आर्चबिशप पॉल कलन यांनी या कामासाठी जॉन हेन्री न्यूमन यांना बोलावलं. न्यूमन ऑक्सफर्डचे, अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक झालेले. १८५२ मध्ये डब्लिनला त्यांनी व्याख्यानं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : विद्यापीठ सगळ्या ज्ञानासाठी असतं, मग ईश्वरज्ञान वगळलं तर ते अपुरंच राहणार. पण त्याचबरोबर, प्रत्येक विद्येची स्वतःची पद्धत असते. धर्मशास्त्राने पदार्थविज्ञानाच्या वर्गात जाऊन निकाल देऊ नयेत. आणि शिक्षणाचा थेट हेतू मुलाला साधू बनवणं हा नाही, त्याची बुद्धी घडवणं हा आहे.

आता पाहा, अडचण इथेच आहे. कलन यांना मुख्यतः तरुणांची श्रद्धा सांभाळणारी जागा हवी होती. ३ नोव्हेंबर १८५४ ला विद्यापीठ सुरू झालं. न्यूमन यांनी बहुतेक प्राध्यापक प्रापंचिक निवडले. युजीन ओ’करी यांच्यासारखा जुन्या आयरिश हस्तलिखितांचा जाणकार त्यांनी अध्यासनावर बसवला. हिशेबात प्रापंचिकांचा हात असावा, असाही त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. १८५८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

दुसरं दुखणं सरकारी सनदेचं. सनद नसल्याने पदवीला कायद्याने किंमत नव्हती. मग शेतकऱ्याने मुलगा तिथे का पाठवावा? वैद्यकीय शाळा मात्र चालली, कारण तिथले विद्यार्थी बाहेरच्या परवाना-परीक्षांना बसू शकत. १८८३ मध्ये हे कॉलेज जेझुइटांकडे गेलं. पुढे १९०८ च्या कायद्याने ‘नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड’ झाली, आणि डब्लिनचं युनिव्हर्सिटी कॉलेज तिचा भाग बनलं.

या इतिहासातून आपण काय घ्यायचं? आम्हाला तीन कसोट्या दिसतात. धर्मशास्त्राला तिथे मानाची जागा असावी, पण इतर विद्यांवर पहारा नसावा. कारभारात शिकवणाऱ्यांचा आणि वर्गणी देणाऱ्यांचा आवाज असावा. आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला तिच्यावर पोट भरता यावं. पहिली कसोटी न्यूमन यांनी मांडली. उरलेल्या दोन डब्लिनने ठेच खाऊन शिकवल्या.