शब्दांतून चलच्चित्र : कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन कसे निवडावे?

शाळेचा शतकमहोत्सव असतो, एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव असतो, आणि त्यानिमित्त दोन मिनिटांचा लहानसा चित्रपट करावा अशी इच्छा गावातील तरुणांच्या मनात येते. हाताशी जुनी छायाचित्रे दोन-चारच असतात, चित्रीकरण तर मुळीच नसते. अशा वेळी कोणीतरी सांगतो की, संगणकाला चार ओळी लिहून दिल्या की तो सिनेमासारखी दृश्ये तयार करून देतो. ही गोष्ट आता खरी आहे. मात्र अशी साधने अनेक आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात तितकीच मोहक आहे. म्हणून त्यांतून निवड कशी करावी, याविषयीची माहिती आम्ही येथे एकत्र मांडीत आहोत.

हे साधन नेमके काय करते?

या साधनांना असंख्य चलच्चित्रे आणि त्यांची शब्दांतील वर्णने दाखवून शिकविलेले असते. आपण वर्णन लिहितो, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. ते मिळाल्यावर संगणक निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून आरंभ करतो आणि तो गोंधळ पायरीपायरीने निवळत नेऊन वर्णनाशी जुळणारे दृश्य घडवितो. येथे कॅमेरा नसतो आणि समोर कोणतीही घटना घडलेली नसते. दिसते ते केवळ ‘असे दिसण्याचा संभव आहे’ एवढेच. बोटांची संख्या चुकणे, फलकावरील देवनागरी अक्षरे विद्रूप होणे, एका दृश्यातील चेहरा पुढच्या दृश्यात बदलणे, हे दोष त्यामुळेच उद्भवतात.

अल्पसा इतिहास

सप्टेंबर २०२२मध्ये मेटा कंपनीने आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये गूगलने या प्रकारचे आपले प्रयोग जाहीर केले. २०२३मध्ये रनवे या कंपनीचे ‘जेन-२’ सामान्य लोकांच्या हाती आले. फेब्रुवारी २०२४मध्ये ओपनएआयने ‘सोरा’ची झलक दाखविली. एक मिनिटापर्यंतची ती दृश्ये पाहून चित्रपटव्यवसायही थक्क झाला. त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधील ‘क्लिंग’ आणि अमेरिकेतील ल्युमा कंपनीचे ‘ड्रीम मशीन’ अवतरले. मे २०२५मध्ये गूगलने ‘व्हिओ ३’ सादर केले. त्यात चित्राबरोबर संवाद आणि भोवतालचे ध्वनीही निर्माण होऊ लागले. अवघ्या तीन वर्षांतील ही वाटचाल आहे. आज गाजणारे साधन वर्षभरात मागे पडते, कधी बंदही होते. म्हणून नावावर विसंबण्यापेक्षा निकष समजून घेणे अधिक हिताचे ठरते.

निवडीचे निकष

१. लांबी. बहुतेक साधने एका वेळी पाच ते दहा सेकंदांचे दृश्य देतात. ‘व्हिओ ३’ आठ सेकंदांचे देत असे. दोन मिनिटांचा चित्रपट म्हणजे एकशेवीस सेकंद, अर्थात आठ सेकंदांची पंधरा दृश्ये. एक दृश्य मनासारखे उतरण्यासाठी तीन-चार प्रयत्न धरले, तर पंचेचाळीस ते साठ वेळा साधन चालवावे लागेल. खर्चाचा अंदाज या संख्येवरून करावा, जाहिरातीत दिलेल्या मासिक वर्गणीवरून करू नये.

२. सातत्य. तोच मुलगा, तोच सदरा, तीच शाळा पंधराही दृश्यांत दिसावयास हवी. त्यासाठी संदर्भचित्र देण्याची सोय आहे काय, हे पाहावे. मार्च २०२५मध्ये आलेल्या रनवेच्या ‘जेन-४’चा भर नेमका यावरच होता.

३. छायाचित्रापासून आरंभ. केवळ शब्दांवर विसंबल्यास कौलारू शाळेऐवजी परदेशी धाटणीची इमारत आणि वसईच्या लाल लुगड्याऐवजी कोठलेही वस्त्र पुढ्यात येऊ शकते. आपल्या वास्तूचे आजचे छायाचित्र पहिली चौकट म्हणून देता आले, तर हा धोका बराच टळतो. आमच्या मते गावाकडच्या कामासाठी हा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे.

४. कॅमेऱ्यावरील ताबा. ‘सिनेमासारखे’ असे नुसते लिहिल्याने सिनेमा होत नाही. प्रकाश कोठून येतो, कॅमेरा कोठे आहे आणि तो कसा सरकतो, यांतून ते रूप घडते. उदाहरणार्थ असे लिहावे : ‘सकाळची वेळ. कौलारू शाळेचे अंगण. कॅमेरा जमिनीलगत असून हळूहळू पुढे सरकतो. दप्तर घेतलेला मुलगा पाठमोरा दाराकडे चालत जातो. माती पावसाने ओली, डावीकडून कोवळे ऊन.’ एका दृश्यात एकच हालचाल मागावी. हेच वर्णन मराठीत आणि इंग्रजीत देऊन पाहावे आणि जे अधिक नीट उमगते ते वापरावे.

५. आवाज. निवेदन मराठीत हवे असेल, तर ते गावातीलच एखाद्या शिक्षकाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करणे उत्तम. यंत्राच्या मराठी उच्चारांपेक्षा ते कानाला गोड वाटते आणि खर्चही वाचतो.

६. हक्क. फुकट मिळणाऱ्या दृश्यांवर अनेकदा कंपनीची खूण असते आणि त्यांचा व्यावसायिक वापर करता येत नाही. अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. जून २०२५मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी ‘मिडजर्नी’ या चित्रनिर्मिती करणाऱ्या कंपनीवर स्वामित्वहक्कभंगाचा दावा दाखल केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे. फेब्रुवारी २०२५मध्ये अ‍ॅडोबीने आपले ‘फायरफ्लाय’चे चलच्चित्र साधन आणताना, ते परवानगी असलेल्या व स्वामित्वमुक्त सामग्रीवरच शिकविले आहे, असे आवर्जून सांगितले होते.

७. आपल्याच संगणकावर चालणारे साधन. अलिबाबाने फेब्रुवारी २०२५मध्ये ‘वान २.१’ मुक्त परवान्याखाली खुले केले. त्याची लहान आवृत्ती सुमारे आठ गिगाबाइट स्मृती असलेल्या ग्राफिक्स कार्डावर चालते. वेळ अधिक लागतो, परंतु दर दृश्यामागे पैसे मोजावे लागत नाहीत आणि आपली छायाचित्रे बाहेर जात नाहीत.

आधी लहान प्रयोग

दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यांना चित्रपटनिर्मितीचा ध्यास लागला, हे सर्वश्रुत आहे. तथापि त्यांनी एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला नाही. १९१२मध्ये त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपून एक छोटा चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पुढच्या वर्षी मोठा चित्रपट पडद्यावर आला. हाच क्रम आपणही धरावा. आपल्या कथेतील सर्वांत अवघड दृश्य निवडावे, एकच वर्णन आणि एकच छायाचित्र दोन-तीन साधनांना द्यावे आणि आलेली दृश्ये शेजारीशेजारी ठेवून गावातील वडीलधाऱ्यांना दाखवावीत. ‘ही आपली शाळा वाटते का?’ या प्रश्नाचे त्यांचे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असते. वर्षभराची वर्गणी त्यानंतरच भरावी, आणि तीही शक्यतो एका महिन्यापुरतीच.

खरे आणि खऱ्यासारखे

आता सर्वांत नाजूक मुद्दा. शाळेच्या पहिल्या दिवसाचे चित्रीकरण नाही, म्हणून धूसर, कृष्णधवल, ओरखडे पडलेले ‘जुने’ दृश्य यंत्राकडून करवून घेण्याचा मोह होतो. ते सुंदरही दिसते. परंतु वीस वर्षांनी ते पाहणारे नातवंड त्यातील कल्पित चेहऱ्याला आपला पणजोबा समजेल. अस्सल छायाचित्रे मोजकीच आणि यंत्राची दृश्ये मुबलक, अशा स्थितीत गावाची स्मृतीच बदलून जाते. मार्च २०२३मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील बनावट चित्र जगभर अनेकांनी खरे मानले. इतक्या परिचित व्यक्तीबाबत असे घडते, तर गावच्या विस्मृतीत गेलेल्या मास्तरांबाबत काय होईल, याचा विचार व्हावा.

म्हणून आमचे सुचविणे असे की, अस्सल छायाचित्र हलवू नये, त्यातील दिवंगतांच्या तोंडी शब्द घालू नयेत. जिवंत व्यक्तीची प्रतिमा तिच्या संमतीनेच वापरावी. यंत्राने घडविलेल्या प्रत्येक दृश्यावर ‘कल्पित दृश्य’ असे स्पष्ट मराठीत लिहावे. अखेरच्या श्रेयनामावलीत एकदाच उल्लेख करणे पुरेसे नाही. ‘व्हिओ’च्या दृश्यांत डोळ्यांना न दिसणारी ‘सिंथआयडी’ नावाची खूण असते, पण प्रेक्षकाला तिचा उपयोग नाही. भारतातही फेब्रुवारी २०२६मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन, अशा कृत्रिम मजकुरावर ठळक खूण दिसावी, असे बंधन समाजमाध्यमांवर घालण्यात आले आहे.

साधन निवडताना लांबी, सातत्य, खर्च आणि हक्क हे चार हिशेब कागदावर मांडावेत. पाचवा हिशेब प्रेक्षकाच्या विश्वासाचा आहे. ज्या कामात तो राखता येत नसेल, तेथे एखाद्या माजी विद्यार्थ्याला शाळेच्या ओट्यावर बसवून साध्या मोबाइलने त्याची आठवण चित्रित करावी. शंभर वर्षांनी तीच खरी ठेव ठरेल.