बेस्टचा बसताफा, आगारे आणि वाहननोंदणी

बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम (संक्षेपाने बेस्ट) हा बृहन्मुंबई महानगरपालिकेचा उपक्रम असून मुंबई शहर, उपनगरे व लगतच्या काही भागांत तो सार्वजनिक बससेवा चालवतो. या सेवेतील बसगाड्यांची विभागणी आगारनिहाय केली जाते. त्यांची कायदेशीर नोंद मात्र राज्याच्या परिवहन विभागाकडे असते. बस कोणत्या आगाराची आणि बस कोणाच्या मालकीची हे दोन प्रश्न दीर्घकाळ एकच वाटत होते, कारण दोहोंचे उत्तर बेस्ट हेच होते. २०१९ नंतर ही स्थिती पालटली.

== पार्श्वभूमी ==
मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ मध्ये विजेवरची ट्राम आली. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली. १९३७ मध्ये दुमजली बस दाखल झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने हा व्यवसाय खाजगी कंपनीकडून आपल्याकडे घेतला, तेव्हा सेवेत २४२ बस व २३ मार्ग होते. ३१ मार्च १९६४ रोजी अखेरची ट्राम धावल्यानंतर रस्त्यावरील वाहतुकीचा भार मुख्यतः बसवर आला. पुढे ताफा चार हजारांच्या पलीकडे गेला.

== आगारे ==
आगार म्हणजे बसगाड्या रात्री उभ्या करण्याची जागा, हा समज अपुरा आहे. इंधन भरणे, धुणे, दैनंदिन तपासणी, किरकोळ दुरुस्ती, चालक-वाहकांच्या पाळ्या ठरवणे, तिकीटयंत्रे देणे व दिवसाची रोकड जमा करून घेणे ही सर्व कामे आगारात होतात. कामाचे दोन भाग असतात. गाडी धावण्याच्या स्थितीत ठेवणे ही अभियांत्रिकी विभागाची जबाबदारी, तर ती ठरल्या वेळी ठरल्या मार्गावर सोडणे ही वाहतूक विभागाची. पहाटे किती गाड्या बाहेर पडल्या, या एका आकड्यात दोन्ही विभागांच्या कामाचा हिशेब होतो. काही गाड्या नेहमीच देखभालीसाठी आत राहत असल्यामुळे ताफ्याची संख्या आणि रस्त्यावरील गाड्यांची संख्या कधीच सारखी नसते. वृत्तपत्रांतील आकडे वाचताना हा फरक पुष्कळदा सुटतो. आगारात न होणारी मोठी दुरुस्ती दादर येथील कार्यशाळेत केली जाते.

बेस्टची आगारे सुमारे २७ आहेत. शहरात कुलाबा, बॅकबे, मुंबई सेंट्रल, वरळी, वडाळा, आणिक व धारावी. पश्चिम उपनगरांत वांद्रे, सांताक्रूझ, मरोळ, ओशिवरा, दिंडोशी, मालवणी, पोयसर, मागाठाणे व गोराई. पूर्व उपनगरांत कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, देवनार व शिवाजी नगर ही त्यांतील काही होत. धारावीतील काळा किल्ला आगाराचे नाव शेजारच्या रीवा किल्ल्यावरून आले आहे. स्थानिक लोक त्याला काळा किल्ला म्हणतात. आणिक आगारात बेस्टचे वस्तुसंग्रहालय आहे.

आगारांचे असे विखुरलेले असणे सोयीचे असते. आगार ते मार्गाचा पहिला थांबा हे अंतर बस प्रवाशांविना कापते, त्यासाठी इंधन व वेळ लागतो, पण उत्पन्न मिळत नाही. ही रिकामी धाव कमी ठेवायची तर आगार मार्गाच्या टोकाजवळ हवे. मुंबईत जागेचे मोल पाहता आगारांच्या जमिनीकडे व्यापारी विकासासाठी वारंवार लक्ष वळले असून काही आगारांचा तसा विकास झालाही आहे.

मार्गक्रमांकांवरूनही भूगोल कळतो. ढोबळमानाने २०० पासूनचे क्रमांक पश्चिम उपनगरांतील, ३०० पासूनचे पूर्व उपनगरांतील, तर ४०० पासूनचे पूर्व व पश्चिम उपनगरांना जोडणाऱ्या मार्गांचे असतात. अपवाद पुष्कळ आहेत.

== नोंदणी ==
बसची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. पूर्वी नोंदणीक्रमांकात तीन अक्षरे व चारपर्यंत अंक असत. हा अधिनियम १ जुलै १९८९ रोजी अमलात आल्यावर राज्याची अक्षरे व कार्यालयाचा अंक ही पद्धत रूढ झाली. मुंबईत एमएच ०१ (ताडदेव), एमएच ०२ (अंधेरी), एमएच ०३ (वडाळा) आणि एमएच ४७ (बोरिवली) हे संकेत आहेत. बस गोराईहून कुलाबा आगारात पाठवली तरी तिचा क्रमांक बदलत नाही, म्हणून क्रमांकावरून आगार ओळखता येत नाही.

परिवहन वाहनाच्या पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात, विजेवरील परिवहन वाहनाच्या हिरव्या पाटीवर पिवळी. नोंदणीसोबत योग्यता प्रमाणपत्रही लागते. पहिल्या आठ वर्षांत त्याचे नूतनीकरण दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते.

== भाडेतत्त्वावरील बस ==
२०१९ पासून बेस्टने भाडेतत्त्वावर मोठ्या प्रमाणात बस घेतल्या. या पद्धतीत बस, चालक व देखभाल कंत्राटदाराची असते आणि त्याला धावलेल्या किलोमीटरनुसार मोबदला मिळतो. मार्ग, वेळापत्रक व तिकिटाचे उत्पन्न बेस्टकडे राहते. बसवर बेस्टचे नाव असते आणि ती बेस्टच्या आगारातच उभी राहते; नोंदणीपुस्तिकेत मालक म्हणून मात्र कंत्राटदार असतो. नवी बस विकत घेण्याचा भांडवली खर्च टळणे हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण. तोट्यात असलेल्या उपक्रमाला ते नाकारणे कठीण होते.

कामगार संघटनेशी २०१९ मध्ये झालेल्या सामंजस्य करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस राखण्याचे ठरले होते. तसे झाले नाही. जुन्या गाड्या बाद होत गेल्या, त्यांच्या जागी पुरेशा आल्या नाहीत आणि २०२५ पर्यंत स्वमालकीच्या बस हजाराच्या आत आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने आपल्या अडीचशेहून अधिक बस सेवेतून काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांच्या संपामुळे अनेक आगारांतील सेवा कोलमडली. आगार बेस्टचे असले तरी गाडी आणि चालक बेस्टचे नसल्यामुळे दोन्ही वेळी व्यवस्थापनाला तातडीने पर्याय उभा करता आला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला येथे ३३२ क्रमांकाच्या मार्गावरील भाडेतत्त्वावरची विजेची बस गर्दीत शिरून अनेकांचा मृत्यू झाला. त्यानंतर कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

== सेवेतून बाद होणे ==
केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकार, महानगरपालिका व शासकीय परिवहन उपक्रम यांच्या मालकीच्या, १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. हा नियम मालकी पाहून लागू होतो, त्यामुळे त्याचा भार बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांवर पडला. डिझेलवरील अखेरची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी परिसरात शेवटची धावली. विजेवरील वातानुकूलित दुमजली बस त्याच वर्षी फेब्रुवारीत सेवेत आल्या होत्या. त्या भाडेतत्त्वावरील आहेत.